माझ्या भावाचं विनातारण कर्ज

माझा भाऊ गरिबांवर विश्वास ठेवतो. हे मी म्हणत नाही, पेपरवाले म्हणतात. अधूनमधून त्याचा फोटो येतो, हनुवटीखाली बोटं धरलेला, आणि खाली लिहिलेलं असतं की या माणसाने गरिबांना तारणाशिवाय कर्ज देऊन दाखवलं. चाळीत एकच पेपर सगळ्या माळ्यावर फिरतो, त्यामुळे माझ्यापर्यंत येईस्तोवर त्याच्या कपाळावर कुणाच्या तरी चहाच्या बशीचं वर्तुळ उमटलेलं असतं. तरी मी तो कापून ठेवते. भाऊ आहे, काय करणार.

चिंचपोकळी स्टेशनावरून लालबागकडे चालत आलं की आमची चाळ. वडील गिरणीत, आई घरी खाणावळ चालवायची. दादा आता भाषणांत सांगतो की आम्ही अंधाऱ्या खोलीत वाढलो. अंधारी कसली डोंबलाची! चांगली मोठी खिडकी होती. त्या खिडकीत याचं अभ्यासाचं टेबल होतं, आणि त्याचा उजेड अडू नये म्हणून बाकीचे सगळे भिंतीकडे तोंड करून बसायचो. आई कधीकधी उपाशी झोपायची, असंही सांगतो. माझी आई आणि उपाशी! संकष्टीला चंद्र उगवायच्या आत तिचं मोदकांचं सारण चाखून व्हायचं. एकदा टीव्हीवर त्याने हे सांगितलं तेव्हा शेजारणी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या, आणि मी उठून गॅस पुसायला घेतला.

हुशार होता, त्यात वाद नाही. परदेशातून शिकायला बोलावणं आलं, तर शिष्यवृत्ती फक्त शिक्षणाची, विमानाचं भाडं आपलं आपण बघायचं. आईने खाणावळीतून चिमटे काढून माझ्या लग्नासाठी सोन्याच्या पाटल्या करून ठेवल्या होत्या. त्या सोनाराकडे गहाण पडल्या. "पहिल्या पगारात सोडवतो," दादाने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. आणि सोडवल्या हं, खोटं कशाला बोलू! पण तोवर त्याचं लग्न ठरलेलं. मुलगी दादरची, वडील वकील, पार्काजवळ घर. तिथे रिकाम्या हाताने कसं जायचं? माझ्या पाटल्या नव्या नवरीच्या हातात चढल्या, "आमच्या घराण्यातल्या" म्हणून. मी काचेचा चुडा भरून करवली म्हणून मिरवत होते. आईला कोपऱ्यात ओढून विचारलं, तर म्हणाली, "जाऊ दे गं, घरातच आहेत ना."

पुढे माझंही लग्न झालं, याच चाळीत, पहिल्या माळ्यावरून तिसऱ्यावर. माहेर सोडताना रडायचं होतं, पण जिना संपला. तेव्हापासून दर भाऊबीजेला मी दादरला जाते, दादाला ओवाळते, आणि वहिनी फराळाचं ताट पुढे करते तेव्हा माझ्या पाटल्या माझ्याच नाकासमोर वाजतात. वहिनी बाई चांगली आहे. तिला यातलं काही माहीत नव्हतं, आणि सांगायला गेलं तर चांगल्या बाईच्याच तोंडाला काळं लागणार. म्हणून मी चकली खात बसायचे.

तर दादा शिकून परत आला तो पार्काजवळच राहिला, कॉलेजात शिकवू लागला, जाडजूड पुस्तकं लिहिली, आणि एक दिवस त्याला गरिबांचं काहीतरी करावंसं वाटलं. आता पार्काजवळ गरीब कुठून मिळणार? मग त्याला बहीण आठवली.

आला तो नेमका आमच्या भिशीच्या दिवशी. आमची भिशी जुनी, सासूबाईंच्या वेळची. दर महिन्याला सगळ्याजणी पैसे घालणार, डब्यातून एक चिठ्ठी काढायची, जिची खोली निघेल तिने सगळी रक्कम उचलायची. चिठ्ठ्यांवर नावं नाहीत, खोल्यांचे नंबर. आणि चिठ्ठी काढायची ती घरी आलेल्या पाहुण्याने. त्या दिवशी पाहुणा दादा. त्याने हात घालून चिठ्ठी काढली आणि वाचली: अठरा. अठरा नंबरात आमची बाय राहते. मालवणची बाई, सगळी चाळ तिला बायच म्हणते. गिरण्यांच्या जागेवर काचेची ऑफिसं उभी राहिली, तिथे माशाच्या जेवणाचे डबे सुरू करायचं तिच्या मनात होतं, आणि त्यासाठी मोठी शेगडी हवी होती.

"अगो बाय माझे, माजीच इली?" बायने गालावर हात ठेवून विचारलं.

इथवर सगळं रीतसर झालं. पण दादा पडला संशोधक. त्याने डबा ओढून घेतला आणि बाकीच्या चिठ्ठ्या उघडायला लागला. अठरा. अठरा. अठरा. सगळ्याच अठरा.

आता हे चाळीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गरज काय चिठ्ठीची वाट बघत बसते? कुणाच्या घरी काय चाललंय ते आमच्याकडे भिंतीतून कळतं. मग सगळ्या चिठ्ठ्यांवर तिचीच खोली लिहायची. म्हणजे तिला कुणापुढे हात पसरायला नको, आणि आम्हालाही उपकार केल्यासारखं वाटायला नको. नशिबाने निघाली, देवाची कृपा. तिने फक्त आश्चर्य करायचं. काहीजणी ते फारच वाईट करायच्या, बाय मात्र डोळ्यांत पाणीबिणी आणायची. एवढ्या वर्षांत कुणी बाकीच्या चिठ्ठ्या उघडल्या नव्हत्या. आमच्यात पद्धत नाही तशी.

"ही तर सरळसरळ फसवणूक आहे!" दादा म्हणाला. बाय इतकी ओशाळली की पैसे तसेच टाकून घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी नेऊन दिले तेव्हा कुठे घेतले. दादाने पुढच्या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं, गरिबांच्या बचतीत पारदर्शकता नसते वगैरे. ते पुस्तक त्याने मला सही करून भेट दिलं. शिलाई मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली ते बरोबर बसलं.

मग त्याने आम्हाला पारदर्शकता दिली. म्हणजे त्याची बँक. पाच बायकांचा गट करायचा, तारण काही नको, कागद थोडे, व्याज सावकाराहून कमी. खोटं का बोला, सुरुवातीला आम्हाला बरं वाटलं. कुठल्या बँकेत आम्हाला कुणी खुर्ची दिली होती? मी ब्लाउज शिवते, मी मोटरची मशीन घेतली. बायने मोठा फ्रीज घेतला, तिचे डबे परळपर्यंत जायला लागले. दर मंगळवारी मीटिंग. बँकेच्या मॅडम यायच्या आणि आम्ही शाळेतल्यासारख्या उभ्या राहून शपथ म्हणायचो, मी हप्ता वेळेवर भरीन आणि मैत्रिणींनाही भरायला लावीन. गटाची प्रमुख मी. दादाची बहीण म्हणून नाही हं, आवाज मोठा म्हणून. भिशी मात्र बंद करायला लावली, दोन-दोन हप्ते झेपणार नाहीत म्हणे.

एकदा त्याने परदेशी पाहुणे आणले, बँकेत पैसे घालणारे. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आम्ही काय गाऊन घालून बसणार? पैठण्या निघाल्या, नथी निघाल्या, ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी जावांच्या आणल्या. बायने तर गावच्या जत्रेला घालतात तसा केसांत अख्खा गजरा माळला. पाहुण्यांनी हात जोडले, फोटो काढले, आणि दादाला हळूच विचारलं की हे सगळं छान आहे, पण गरीब कुठे आहेत? दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, पुन्हा येतील, रोजच्या कपड्यांत बसा. मी म्हटलं, तूच सांग रे, पदराला ठिगळ लावू का? ठेवला त्याने फोन.

तर त्याच्या पद्धतीत एक नियम होता. एकीचा हप्ता थकला तर बाकीच्या चौघींनी भरायचा. नाही जमलं, तर तिच्या दारात जाऊन बसायचं आणि वसूल होईपर्यंत उठायचं नाही. तोवर गटात कुणालाच नवीन कर्ज नाही. याला दादा सामाजिक तारण म्हणतो. आम्ही याला इतके दिवस शोभा म्हणायचो.

बायचा नवरा जिन्यावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. परळच्या हॉस्पिटलात ती त्याच्या उशाशी बसून राहिली, डबे बंद पडले, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, हप्ते थकले. आम्ही चौघींनी आधी भरले. पण लग्नसराई संपली की माझ्याकडे ब्लाउजं येत नाहीत, बाकीच्यांचंही तसंच. बँकेच्या मॅडम म्हणाल्या, आता बसावं लागेल.

बसलो. चौघी, अठरा नंबरच्या उंबऱ्याबाहेर, चटईवर. बायने दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बसा गो, चाय टाकतंय." वसुलीला आलेल्यांना तिने चहा दिला. वर कांदाभजी दिली. आम्ही माना खाली घालून खाल्ली. आत तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. सगळा माळा कठड्याशी येऊन उभा होता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढच्या मंगळवारी पुन्हा. तेव्हा चहा आला नाही. बाय दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माका एक सांगा, तुमी हय बसलास तर पैशे काय पायरीर उगवतले?" त्याच्या पुढच्या मंगळवारी दारच उघडलं नाही. आतून आवाज आला, "खोली विकतंय आनि गावाक जातंय. तुमची तोंडां माका परत बघूची नायत."

हे नुसतं रागाचं बोलणं नव्हतं. आमची चाळ पुनर्विकासात चाललीय. जो टिकून राहील त्याला त्याच जागी नवा फ्लॅट, आणि जो आत्ता घाईने विकेल त्याच्या हातात दलाल चिंचोके टेकवणार. असा एक दलाल रोज बायच्या दारात पेढ्याचा बॉक्स घेऊन यायला लागला होता. जन्मभर मासे साफ करून राखलेली खोली, आणि ती चार थकलेल्या हप्त्यांपायी जाणार. सही करायला तिने त्याला पुढचा सोमवार दिला होता.

मी दादाला फोन लावला. म्हटलं, तिला तीन महिने सवलत दे, पाय बरा होतोय, डबे पुन्हा सुरू करेल.

"अगं, एकीला सवलत दिली की सगळी शिस्त मोडते," दादा म्हणाला. "गरीब माणूस कर्ज बुडवत नाही, हे मी जगाला सांगितलंय."

"ती बुडवत नाहीये रे, थांब म्हणतेय. माझ्याकडे बघून तरी."

"नियमाला नातं नसतं," दादा म्हणाला. फार चांगलं वाक्य आहे, त्याच्या कुठल्या तरी पुस्तकाच्या मागच्या पानावर पण आहे.

मी फोन ठेवला आणि मशीनसमोर नुसती बसून राहिले. माझी आई एक म्हण नेहमी म्हणायची, लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. तिची शेकडो वाक्यं मी विसरले, पण हे वेळेवर आठवलं. उठले, अठरा नंबरचं दार वाजवलं आणि बाहेरूनच ओरडले, "बाय, साडी बदल. वसुलीला जायचंय. या वेळी तू आमच्या बाजूने."

दार उघडलं. रविवारच होता तो; दुपारी पाचजणी एका टॅक्सीत कोंबून दादरला निघालो. टॅक्सीवाला चौघींवर अडून बसला होता, बायने त्याला असा काही दम भरला की तो परळ येईपर्यंत बोलला नाही. बिल्डिंगच्या वॉचमनने विचारलं कुठे, मी म्हटलं वसुलीला, लालबागहून आलोय. त्याला वाटलं गणपतीची वर्गणी. त्याने लिफ्टचं दार धरलं.

वर दादाची मुलाखत चाललेली. एका चॅनेलची मुलगी, कॅमेरावाला, दिवे, आणि दादा हनुवटीखाली बोटं धरून. आम्हाला बघून दचकला, पण तयार माणूस तो, लगेच सावरला. "या, या! ह्याच त्या माझ्या भगिनी. ह्यांच्यावर मी विश्वास ठेवला." आम्ही चपला काढल्या आणि त्याच्या गालिच्यावर बैठक मारली. मुलगी खूश झाली. म्हणाली, तुमची ती शपथ म्हणून दाखवा ना. आम्ही उभ्या राहून खणखणीत म्हटली. मी हप्ता वेळेवर भरीन आणि मैत्रिणींनाही भरायला लावीन. दादाने मान डोलावली. आम्ही पुन्हा खाली बसलो, आणि बसूनच राहिलो.

"काय काम होतं का?" दादाने हळू विचारलं.

"वसुली आहे," मी म्हटलं. "एकाचं कर्ज थकलंय. माझ्या लग्नाच्या आधीपासून थकलंय. वसूल होईपर्यंत उठायचं नाही, असा नियम आहे."

"कॅमेरा बंद करा," दादा म्हणाला. कॅमेरावाल्याने मुलीकडे बघितलं, मुलीने दुसरीकडे.

तेवढ्यात वहिनी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. पाटल्या वाजल्या. नेहमी वाजतात तशाच, पण त्या दिवशी खोलीत दुसरा आवाज नव्हता.

"तू आत्ता हे कुठलं काढलंस?" दादाचा आवाज चढला. "त्या घरातच आहेत ना!"

"नियमाला नातं नसतं," मी म्हटलं.

वहिनीने ट्रे टेबलावर ठेवला. दादाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या मनगटांकडे. ती वकिलाची मुलगी, तिला फार समजवावं लागलं नाही. "मला वाटलं सासूबाईंच्या," एवढंच म्हणाली. पाटल्या निघेनात, इतक्या वर्षांत हात भरले होते. ती आत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आली तेव्हा मनगटं साबणाने लालभडक झाली होती. तिने माझ्यासमोर बसून ओल्या पाटल्या माझ्या ओटीत टाकल्या.

मला फार बरं वाटलं. आणि तिच्या लाल मनगटांकडे बघून तितकंच वाईट वाटलं. दोन्ही एकदम झालं, त्याला मी काय करू? दादा खिडकीशी जाऊन पार्काकडे बघत उभा राहिला. उजेडाची त्याला लहानपणापासून आवड.

सोमवारी सकाळी दलालाच्या आधी मी सोनाराकडे गेले. पाटल्या पुन्हा गहाण पडल्या, त्यांना सवय आहे. बायचं सगळं कर्ज मिटलं. "माका नको गो तुझ्या पाटल्यो," ती जिन्यात माझा हात धरून रडली, आणि या वेळी ते आश्चर्य नव्हतं. मी म्हटलं, गप बस, यंदा तुझी निघाली असं समज. दलालाने आणलेले पेढे तिने ठेवून घेतले आणि त्याला वाटेला लावलं. पुढे आपापले हप्ते फेडून आम्ही पाचहीजणी बँकेतून उठलो.

दादा हल्ली परिषदांमधून एक नवीन गोष्ट सांगतो. लालबागच्या एका गटातल्या एका बाईने मैत्रिणीचं कर्ज फेडायला स्वतःचे दागिने काढून दिले, हीच सामाजिक तारणाची ताकद. टाळ्या पडतात म्हणे. टीव्हीवर मी स्वतः बघितलं, सांगताना त्याने हनुवटीखालची बोटं काढून छातीवर ठेवली होती. दागिने कुणाच्या हातातून काढावे लागले, तेवढं वेळेअभावी राहून जातं.

आम्ही भिशी पुन्हा सुरू केली. पहिल्या खेपेला चिठ्ठ्या बायने लिहिल्या, आणि मला मुद्दाम खाली नारळ आणायला पाठवलं. परत आले तर वहिनी बसलेली, एकटी, टॅक्सी करून आलेली. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. मनात आलं, विचारावं घरी कसं चाललंय, पण विचारलं नाही. पाहुणी म्हणून डबा तिच्यापुढे गेला. तिने चिठ्ठी काढली, चष्मा वर केला आणि वाचलं: बावीस.

बावीस नंबरात मी राहते.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मी आश्चर्य करायची वाट बघत. आणि मला ते येईना! दुसऱ्यांना नावं ठेवली सगळ्या जन्मात, आणि माझ्यावर वेळ आली तर गालावर हातसुद्धा जाईना. काहीतरी करायचं म्हणून मी बाकीच्या चिठ्ठ्यांसाठी डब्याकडे हात नेला.

वहिनीने डब्यावर झाकण लावलं आणि वर आपला हात ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "भावावर जाऊ नकोस."